पाच वर्षं अडीच महिने

दुकानाच्या वाटणीवरून दोघा भावांनी धरलेला अबोला सुटून जेमतेम महिना झाला होता. त्यामुळे रविवारी सकाळी दहाला खाली जमायचं असं दादांनी सांगितलं, तेव्हा भाऊ पहिल्या मजल्यावरून पावणेदहालाच उतरला. उशीर करून नवं निमित्त द्यायची त्याची इच्छा नव्हती. त्याची मुलगी चिमणी मागोमाग आली. सव्वीस वर्षांची, बँकेत कर्जाच्या खिडकीवर बसणारी चिमणी आता बापापेक्षा चार बोटं उंच होती, पण घरातलं नाव काही बदललं नव्हतं.

जेवणाच्या टेबलावरची काच दादांनी स्वतः पुसून ठेवली होती. टेबल बाबांच्या वेळचं. या घरात जे काही ठरेल ते कागदावर लिहायचं, ज्याच्या त्याच्या सह्या घ्यायच्या आणि कागद त्या काचेखाली सरकवायचा, ही बाबांची पद्धत. काचेखाली गेलं की ठरलं, मग कुणी तोंड उघडायचं नाही. बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली तरी पद्धत चालूच होती. पाण्याचा पंप किती वाजता लावायचा, जिना कुणी झाडायचा, विजेच्या बिलाचे तीन भाग कसे पाडायचे, सगळं काचेखाली होतं, आणि दादांच्या छापल्यासारख्या अक्षरात होतं.

बांधकामाच्या कचेरीत दादांनी एकतीस वर्षं नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर नकाशे संपले, हाताची खोड तेवढी राहिली. मग ते तक्ते करायला लागले. कोणत्या महिन्यात गॅस किती गेला, कोणत्या दुकानात साबण स्वस्त, असले. आजचा तक्ता महिनाभर चालला होता आणि त्याला तीन रंगांच्या पेन्सिली लागल्या होत्या.

"गच्चीवर दहा पॅनल," दादांनी सुरुवात केली. "एकूण खर्च तीन लाख वीस हजार. सरकारची सबसिडी ऐंशी हजार. राहिले दोन लाख चाळीस. घराचं बिल वर्षाला सत्तावन्न हजार येतं, त्यातले शेहेचाळीस वाचतील. मग घातलेला पैसा किती दिवसांत सुटतो?"

उत्तर कुणी देणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं.

"पाच वर्षं अडीच महिने. त्यापुढे वीस वर्षं वीज जवळजवळ फुकट."

"मध्ये इन्व्हर्टर बदलावा लागतो, काका," चिमणी म्हणाली. "दहा-बारा वर्षांनी. आमच्याकडे कर्जाला येतात ना लोक, त्यांच्या कागदांत असतो तो खर्च."

"तो धरलाय," दादा म्हणाले. धरला नव्हता. त्यांनी कोपऱ्यात पेन्सिलीने एक बारीक खूण करून ठेवली.

भाऊने तक्ता स्वतःकडे ओढला. औषधांच्या दुकानात जन्म गेल्यामुळे तो कुठलाही कागद हातात आला की आधी खालची तारीख बघायचा. "सबसिडी या महिनाअखेरपर्यंतच आहे?"

"म्हणून तर आजच बोलावलं. ती सोलरवाली येतेय माप घ्यायला."

वहिनी चहा घेऊन आल्या. म्हणजे दादांची बायको. चिमणी सोडली तर सगळं घर त्यांना वहिनीच म्हणे, दादासुद्धा कधी कधी गोंधळून तसंच म्हणत. "वन्संना हाक मारायची का?" त्यांनी कप ठेवता ठेवता विचारलं.

"ताईचं काय आहे यात? पॅनल लागले की दिसतीलच तिला, वरच तर राहते," दादा म्हणाले.

ताई म्हणजे दोघा भावांची थोरली बहीण. वय सदुसष्ट. नवऱ्याच्या घरी परत जायचं नाही असं ठरवून त्या आल्या त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती. बाबांनी काही विचारलं नव्हतं. गवंडी बोलावून तीन आठवड्यांत गच्चीच्या दक्षिण कोपऱ्यात एक खोली उभी केली होती. त्या खोलीत ताई पुस्तकं बांधायच्या. कॉलेजातल्या मुलांचे प्रबंध, वाचनालयातली फाटकी पुस्तकं, कचेऱ्यांच्या फायली. जेवायला खाली, बाकी सगळं वर.

सोलरवाली मुलगी वेळेवर आली. खांद्याला मोठी पिशवी, हातात लाल ठिपका सोडणारं माप घ्यायचं यंत्र. यंत्र बघून दादांनी खिशातली आपली पोलादी टेप आत ढकलली. दोघं गच्चीवर गेली. कठड्यावर दादांनी घराच्या कागदांची फाईल उघडली. जाड पुठ्ठा, निळ्या कापडाची पाठ, आत मंजूर नकाशा. नकाशा उलटताना मुलीचं बोट दोन पानांमधल्या एका कोऱ्या, बोटभर रुंदीच्या पट्टीला अडखळलं.

"मजबुतीसाठी असते," दादा म्हणाले. फाईल ताईंनीच बांधलेली होती.

मुलीने नकाशा पाहिला, गच्ची पाहिली, पुन्हा नकाशा पाहिला. "काका, या खोलीचं काय?"

"ती आमच्या ताईची."

"ते झालं. पण नकाशात नाहीये. तुमच्या तक्त्यातही नाहीये. तुम्ही दहा पॅनल जिथे मांडलेत, तिथल्या चार जागांवर हिची सावली पडते. आता साडेदहालाच बघा की."

दादांनी बघितलं. गच्चीच्या फरशीवर खोलीची सावली हातपाय पसरून पडली होती. याच गच्चीवर ते रोज सकाळी कपडे वाळत घालत, आणि ऊन असलेली दोरी शोधत. पण तक्ता करायला बसल्यावर गच्ची मोजायला वर यायचं त्यांना सुचलं नाही. नकाशा होता ना, त्यांच्याच हातचा, मापं टाकलेला. एकतीस वर्षं त्यांनी कागदावरून जग मोजलं होतं, आपलं घरही त्यांनी तसंच मोजलं.

"अडचण अशी आहे," मुलगी म्हणाली, "की उरलेले चार पॅनल लावायला सगळ्यात चांगली जागा या खोलीचं छप्पर आहे. तिथे दिवसभर ऊन. पण जी खोली कागदावर नाही, तिच्या छपरावर सबसिडी मिळत नाही. पालिकेचा माणूस तपासायला येतो."

खोलीचं दार उघडं होतं. ताई दाबयंत्राचा दांडा फिरवत होत्या, त्यांनी मान वर करून हसून पाहिलं. मुलीने दारातूनच विचारलं, "आजी, तुमच्याकडे विजेवर काय काय चालतं? यादी करायचीय."

"एक ट्यूब. एक पंखा. सरस वितळवायची ही छोटी शेगडी, ती आठवड्यातून दोनदा."

"फ्रिज, गीझर, एसी?"

"ते सगळं खाली आहे."

"महिन्याला वीस-पंचवीस युनिट," मुलीने पुटपुटत लिहिलं. दादांचं डोकं आपोआप चालायला लागलं. सत्तावन्न हजारांचे तीन भाग, भागी वर्षाला एकोणीस हजार. ताई आपला महिन्याचा हिस्सा दर महिन्याला पाकिटात घालून, वर महिन्याचं नाव लिहून आणून देत. एक ट्यूब, एक पंखा, एक शेगडी. दादांनी हिशेब तिथेच थांबवला आणि ते जिना उतरू लागले.

खाली मुलीने सगळं पुन्हा सांगितलं, न रागावता, न घाबरवता. अशी घरं तिला रोज दिसत असावीत. "वाढीव बांधकाम पाडायचं, नाहीतर नियमित करून घ्यायचं. नियमित करायचे दोन रस्ते आहेत. राहती खोली दाखवलीत तर दंड आणि शुल्क मिळून शहाऐंशी हजार. पाण्याच्या टाकीची खोली दाखवलीत तर सहा हजार."

"सहा," भाऊ म्हणाला.

"सहाच," वहिनी म्हणाल्या.

दुकानाच्या भांडणात महिनाभर एकमेकांकडे न बघणारी ही दोघं आता एकाच बाजूला बसली होती. वहिनींनी तर भाऊच्या कपात न विचारता आणखी चहा ओतला.

"टाकी खोलीच्या मागे आहेच," भाऊ म्हणाला. "खोटं तरी कुठे आहे? जरा आत सरकली असं समजायचं."

"पण टाकीच्या खोलीसाठी हे लागतं." मुलीने पिशवीतून एक छापील कागद काढला. "प्रतिज्ञापत्र. दोन्ही मालकांच्या सह्या."

चिमणीने तो उचलून मोठ्याने वाचला. "सदर खोलीत कोणीही राहत नाही व यापूर्वीही राहत नव्हते, असे आम्ही सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो." तिने कागद खाली ठेवला. "यापूर्वीही?"

"छापील मजकूर असतो तो, सगळ्यांनाच सारखा," भाऊ म्हणाला.

"आणि तपासणीच्या दिवशी आत पलंग, स्वयंपाकाचं सामान, कपडे दिसता कामा नयेत," मुलगी म्हणाली. "एका दिवसाचा प्रश्न असतो. बरेच लोक करतात."

"बाबा, आत्या तिथे राहते. मी चौथीपर्यंतचा सगळा अभ्यास तिथे केलाय."

"मग कुणी तिला काढतंय का? राहील की. आता राहते तशीच राहील. कागदाचं कागदापुरतं."

"कागदाचं कागदापुरतं कसं?" चिमणी म्हणाली. "उद्या तुम्ही दोघं नसाल आणि कुणी विचारलं, ही बाई इथे कोण, तर तुमच्याच सहीचा कागद निघेल. इथे कुणी राहतच नव्हतं म्हणून."

वहिनींनी बशी पुसायला घेतली. मनातलं बोलायचं असलं की त्यांना हाताला काम लागे. "तू लहान नाहीस, म्हणून बोलते. राहती खोली दाखवली, की ती कुणाची हा प्रश्न आला. तिसरा वाटा आला. आमचा मुलगा आज परक्या शहरात भाड्याने राहतोय. उद्या परत येतो म्हणाला तर त्याला कुठे ठेवू? वन्संचं मी काही कमी केलंय का? अठ्ठावीस वर्षं वाढते आहे ना त्यांना जेवायला? पण जेवण वेगळं आणि वाटा वेगळा."

यात खोटं काहीच नव्हतं. वहिनींनी खरोखर काही कमी केलं नव्हतं. दादांनी तक्त्याच्या पाठीवर भराभर मांडलं. टाकीची खोली, पाच वर्षं चार महिने. राहती खोली, सात वर्षं एक महिना. पावणेदोन वर्षांचा फरक. एवढा फरक दुसऱ्या कुणाच्या घरचा असता, तर कचेरीतल्या दादांनी डोळे मिटून टाकीची खोली काढून दिली असती. दिल्या होत्याच, कितीतरी.

पण त्यांच्या डोक्यात दुसराच एक रविवार येऊन बसला होता. सत्तावीस वर्षांपूर्वीचा. बाबांनी घर दोन्ही मुलांच्या नावावर करायचं ठरवलं होतं आणि मंजुरीसाठी नकाशा दादांनी काढला होता. हेच टेबल, हीच काच. बाबांनी चष्मा वर करून नकाशावर बोट फिरवलं आणि ते गच्चीच्या दक्षिण कोपऱ्यात थांबलं. "खोली दिसत नाही ती?"

"शुल्क वाढतं, बाबा. नंतर घालतो."

शुल्काचं कारण खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं दादांनी तेव्हा बायकोलाही सांगितलं नव्हतं. नकाशात खोली दाखवली की तिच्यावर नाव घालावं लागेल, आणि ताई काय, आज ना उद्या परत जाईल. अशा हिशेबाने त्यांनी ती जागा कोरी ठेवली होती. बाबांनी विश्वास ठेवून सही केली. त्यानंतर आठ वर्षं बाबा होते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि दादांनीही विषय काढला नाही.

चिमणी केव्हा उठून वर गेली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ती आली ती आत्याला घेऊनच. ताईंच्या बोटांना खळ लागलेली होती, पदराला पुसत त्या खुर्चीवर बसल्या. जिन्यात चिमणीने सगळं सांगितलं असणार, कारण त्यांनी काहीच विचारलं नाही. छापील कागद मात्र हातात घेतला. वाचायच्या आधी अंगठ्याने कडा चाचपली. कागद हलका आहे की भारी, हे त्यांना आधी कळावं लागे.

भाऊने खाकरून पाहिलं. "ताई, फक्त कागदोपत्री आहे. तुला कोणी हलवत नाहीये."

"हो, सांगितलं हिने."

"एका दिवसाचा प्रश्न आहे."

"बरं," ताई म्हणाल्या. "मग त्या दिवशी पलंग कुठे ठेवायचा? जिन्याला वळण आहे. तो खाली उतरणार नाही. बाबांनी खोलीतच जोडून घेतला होता."

त्यांनी हे अगदी साधेपणाने विचारलं. त्यांना खरंच पलंगाचीच काळजी पडलेली दिसत होती. भाऊ काचेकडे बघायला लागला. वहिनींच्या हातातली बशी पुसून कधीच कोरडी झाली होती, तरी त्या पुसतच होत्या.

"पलंग कुठेही जाणार नाही," दादा म्हणाले. "मी या कागदावर सही करणार नाही."

"अहो," वहिनी म्हणाल्या.

"दोन्ही मालकांच्या सह्या लागतात ना? माझी नाही मिळणार. राहती खोली दाखवायची आणि मालकांत तिचं नाव घालायचं. शहाऐंशी हजार भरू."

"म्हणजे सात वर्षं?" भाऊने विचारलं.

"सात वर्षं एक महिना. इन्व्हर्टर धरलेला नाही."

चिमणीने काकांकडे बघितलं आणि हसू दाबलं. भाऊने तक्ता उचलला, सवयीने खालची तारीख बघितली, परत ठेवला. "दुकानाच्या वेळीही तू असाच अडून बसला होतास," तो म्हणाला. "तेव्हा तुझं चुकलं होतं." मग त्याने खिशातून पेन काढलं. "आज मात्र भांडायला जागा ठेवली नाहीस. लिही, करतो सही."

वहिनी कपबशा घेऊन आत गेल्या. त्या रागावल्या होत्या आणि काही दिवस रागावलेल्या राहणार होत्या. आतून त्यांनी एवढंच विचारलं, की वन्संनी सकाळपासून काही खाल्लंय का.

"मला नवा नकाशा बुधवारपर्यंत लागेल, मापांसकट," सोलरवाली म्हणाली. "खोलीचं माप मी यंत्राने घेऊ का?"

"नको," दादा म्हणाले आणि त्यांनी खिशातली टेप बाहेर काढली.

अठ्ठावीस वर्षांत दादा त्या खोलीच्या दारापर्यंत शेकडो वेळा गेले होते. निरोप द्यायला, पाकीट घ्यायला, जेवायला बोलवायला. आत जाऊन उभे राहिले असतील ते चार-दोनदा. खोली दहा बाय दहाची असेल असा त्यांचा कायमचा समज होता. ताईंनी टेपचं टोक भिंतीला धरलं आणि दादा मागे मागे सरकत गेले. चौदा फूट. दुसरीकडून अकरा. दोन खिडक्या. पूर्वेच्या खिडकीखाली लाकडी दाबयंत्र, शेजारी सुतळी, दाभणं, कापडाचे तुकडे, शेगडीवर खळीचं पातेलं. पलंग उत्तरेच्या भिंतीला होता. भिंतींचा काटकोन बाबांनी कुठेही चुकवला नव्हता, हे नकाशेवाल्या दादांच्या नजरेने टिपलं.

"बिलाचे तीन भाग चुकीचे होते, ताई," ते टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाले. "तुझी वीज नखाएवढी. कधीतरी बोलायचं होतंस."

"कशाला? काचेखालच्या कागदांत माझी सही तेवढ्या एकाच कागदावर आहे," ताई म्हणाल्या. "तो मोडला असता तर मग काय राहिलं असतं?"

दादा खिडकीपाशी गेले, पाठ करून उभे राहिले आणि टेप पुन्हा उघडून गुंडाळली. त्यांना लाज वाटत होती, आणि ती बासष्टाव्या वर्षी कुठे ठेवायची हे त्यांना कळत नव्हतं. मग त्यांनी फाईल दाबयंत्राच्या फळीवर ठेवली, कोरा कागद काढला.

"जुन्या नकाशाच्या मापाचा कापू ना?"

"नाही. बोटभर कमी." ताईंनी फाईल आपल्याकडे वळवली आणि दोन पानांमधली ती कोरी पट्टी नखाने उभी केली. "याला चिकटवायचाय."

"ही मजबुतीसाठी असते ना?"

"मजबुती शिवणीत असते. एखादं पान मागाहून यायचं असलं, की बांधताना त्याच्यासाठी पट्टी शिवून ठेवतात. नाहीतर नंतर घुसडलेल्या पानाने फाईल फुगते, पाठ उकलते." त्यांनी पट्टीवरची धूळ पदराने टिपली. सत्तावीस वर्षांत ती कडेने पिवळी पडली होती. "तू बाबांना म्हणालास ना, नंतर घालतो म्हणून. मी जिन्यात होते. फाईल तर मलाच बांधायची होती."

दादांनी पेन्सिल हातात घेतली. पहिली रेघ वाकडी गेली, एकतीस वर्षांत गेली नव्हती एवढी. त्यांनी ती खोडली.

"सावकाश काढ," ताई म्हणाल्या आणि त्यांनी शेगडी लावली. "दार उजव्या अंगाला घे. खळ गरम करून ठेवते."